बांबूच्या नळ्यांत माशी येईना? या चुका टाळा

तासगावकडच्या आमच्या मळ्यात पोळं न करता एकट्या राहणाऱ्या रानातल्या मधमाशांनी अंडी घालावीत म्हणून पहिल्या वर्षी मी बांबूच्या नळ्यांची मोळी टांगली, तर तिच्यात मुक्कामाला आले कोळी आणि पालीचं एक पिल्लू. चूक माझीच. तुकडे दोन्ही बाजूंनी उघडे, आरपार उजेड दिसायचा. अशा नळीत एकटी राहणारी माशी अंडं घालत नाही. कापताना एका टोकाला गाठ राहू द्या. भोक 4 ते 10 मिलिमीटर, खोली साधारण 15 सेंटिमीटर. आखूड नळी नको, कारण मादी होणारी अंडी माशी आतल्या बाजूला घालते आणि नर होणारी तोंडाशी. खोली कमी पडली की नरच जास्त निघतात.

प्लास्टिकचा पाइप तर नकोच. आत दमट होऊन पिल्लांसाठी ठेवलेला परागाचा गोळा बुरसतो. मोळी झुलू देऊ नका, वर पत्रा टाका, तोंड पूर्वेला. मुंग्या चढत असतील तर टांगलेल्या तारेला ग्रीस लावा. मुंग्यांची विषारी पावडर मारली तर माशाही गेल्या.

अंडी घातल्यावर नळीचं तोंड कशानं बंद केलंय, ते नीट बघा. पानाचे गोल तुकडे असतील तर पानकापी माशी; गुलाबाची पानं कडेनं चंद्रकोरीसारखी कातरते ती हीच. चिखल असेल तर बहुधा कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी. गवताच्या काड्यांचा झुबका दिसला की लोक कचरा समजून ओढून काढतात. आमच्याकडे पाहुण्यांच्या पोरानं तेच केलं, आतून चार हिरवट रातकिडे पडले, मेलेले नव्हे, लुळे. पिल्लांसाठी भरलेली ती गांधीलमाशीची कोठी होती. कीटक-भृंगी न्याय आपण लहानपणापासून ऐकतो, अळी ध्यासानं भृंगी, म्हणजे गांधीलमाशी होते म्हणून. प्रत्यक्षात अळी खाल्ली जाते!

कुठली माशी किंवा मुंगी दिसली याच्या नोंदीसाठी फक्त वरून काढलेला फोटो जवळपास निरुपयोगी. बाजू, चेहरा, पंखांच्या शिरा हव्यात. मुंगीच्या कमरेला गाठ एक की दोन, हे दिसायला हवं. तारीख, ठिकाण आणि कुठल्या फुलावर, हे तिथंच लिहा. काहीच दिसलं नाही, तर तेही.

सातेरीची, म्हणजे पेटीत पाळतात त्या मधमाशीची पेटी ठेवली म्हणजे रानमाशा वाचल्या, असं नाही. सुतार भुंग्याला पेटी चालत नाही, त्याला वाळकं लाकूड लागतं. आमच्याकडे मोठा घोळ वेगळाच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्यांचा धडाका असतो आणि त्याच दिवसांत बांधावरची तूर फुलते. भुंगे आणि पानकाप्या तिच्यावरच असतात. कीटकनाशक मारायचंच असेल तर वारा पडल्यावर, संध्याकाळी मारा.

बांधावर बारीक भोकं आणि भोवती मातीची छोटी रास दिसली की मुंग्यांचं बीळ समजून लगेच पाणी ओतू नका. बहुतेक एकट्या माशा जमिनीतच राहतात. सकाळी नऊच्या सुमारास दहा मिनिटं बसा. पाय पिवळे माखलेली एखादी माशी सरळ आत शिरेल.