लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायचंय? साउंड कार्ड घेण्याआधी माइक मोजा

ठाण्याच्या नौपाड्यात मी पेटी आणि सुगम संगीत शिकवते. स्पर्धांचे दिवस जवळ आले की पालक विचारू लागतात, "ताई, मुलीचं गाणं लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचंय, कुठलं साउंड कार्ड घेऊ?" मी त्यांना आधी एवढंच विचारते की एका वेळी किती माइक लावणार? ते ठरल्याशिवाय कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

तानपुऱ्याच्या ॲपवर नुसतं गायचं असेल तर एक माइक पुरतो. स्वतः पेटी वाजवत गाणार असाल तर दोन हवेत, कारण पेटी गळ्यावर चढते आणि दोन्ही एकाच माइकवर घेतलं की नंतर तिला खाली आणता येत नाही. साथीला तबलजी आले की तबला आणि डग्ग्याला वेगळे माइक, म्हणजे चार झाले. खोक्यावरचे आकडे नेमके इथेच फसवतात. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला इनपुट दोन आहेत, पण माइक एकच लावता येतो. दुसरं गिटार किंवा कीबोर्डसाठी. त्याच कंपनीच्या ४आय४ मध्ये नावात चार असले तरी माइक दोनच, बाकीची दोन लाइन इनपुट, म्हणजे कीबोर्डसारख्या यंत्रांसाठी. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीला मात्र खरोखर चार माइक लावता येतात. म्हणून इनपुट मोजू नका, माइक प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग, किती ते मोजा. आणि आज एकटे गात असलात तरी, परवडत असेल तर, दोन प्रीॲम्पचंच घ्या. आपल्या संगीतात दुसरा माणूस शेजारी येऊन बसतोच.

ठाणे स्टेशनबाहेर मोबाइलच्या दुकानांत यूएसबीला लावायची बोटभर लांबीची साउंड कार्डं मिळतात. ऑनलाइन क्लासचा हेडसेट लावायला ती ठीक. गाण्याचा कंडेन्सर माइक त्यावर चालत नाही, कारण त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज, लागतो आणि तीन पिनांची एक्सएलआर केबल लागते. टाळ्या-हशाची बटणं असलेली, लाइव्ह प्रक्षेपणासाठीची रंगीत कार्डंही मी गाण्यासाठी सुचवत नाही. आपल्याला हवं ते यंत्र दुकानात 'ऑडिओ इंटरफेस' म्हणून मागा.

मग बघायचा तो गेन, म्हणजे प्रीॲम्प माइकचा सिग्नल किती वाढवतो ते. शुअर एसएम५८सारखा डायनॅमिक माइक (याला फँटम पॉवर लागत नाही) फार बारीक सिग्नल देतो. त्यावर हळू आवाजात भावगीत गायचं किंवा गोष्ट वाचायची तर प्रीॲम्पला ६० डेसिबलच्या आसपास गेन हवा, आणि तो पूर्ण उघडल्यावर मागे 'स्स्स' ऐकू येता कामा नये. कंडेन्सरला एवढा गेन लागत नाही, पण तो घोडबंदर रोडवरचे ट्रक, पंखा, पावसात खिडकीवरच्या पत्र्याचा ताशा, सगळं टिपतो. रस्त्याला लागून घर असलेल्यांना मी डायनॅमिक माइक आणि चांगल्या गेनचा इंटरफेस घ्यायला सांगते. खोलीतला गोंगाट कितीही महाग कार्ड घेतलं तरी जात नाही.

गाणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं बटण म्हणजे डायरेक्ट मॉनिटर. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत कानात येतो त्याला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो तुकडा, १०२४ सॅम्पल असेल तर नुसतं आत जातानाच सुमारे २१ मिलिसेकंद गेले. १२८ केला तर तीनाच्या आत येतं, पण जुना लॅपटॉप तिथे कडकड करू लागतो. कानात आवाज उशिरा पडला की चांगली तयारीची मुलंसुद्धा समेला डगमगतात. डायरेक्ट मॉनिटरमध्ये तुमचा गळा लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनवर येतो. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) आहे का, हेही विचारा. मॅकवर ती सोय आतच असते. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांनी लूपबॅक आहे ना ते पाहावं, म्हणजे लॅपटॉपवरचा तानपुरा आणि तुमचा गळा दोन्ही समोरच्याला एकत्र जातात.

१९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीकडे लक्ष देऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आपल्या कामाला भरपूर आहे. दोन ट्रॅकचं तासाभराचं रेकॉर्डिंग त्यात साधारण एक जीबी होतं, १९२ वर चौपट. यूएसबी २.० चा वेगही पुरतो. तुमच्या लॅपटॉपला टाइप-सी आहे की जुनं चौकोनी पोर्ट, तेवढं पाहून केबल घ्या. मधे यूएसबी हब घालायचा असेल तर स्वतःची वीज असलेला घ्या, नाहीतर फँटम पॉवर चालू केल्यावर कार्ड गळपटतं.

खरेदीला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर लॅपटॉप, तुमचा माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन बरोबर न्या. माइक लावा, गेन पूर्ण उघडा, कुणी न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका. दोन-तीन कार्डांवर हेच केलंत की फरक कळतो. दुकानदार घाई करेल, करू द्या. इंटरफेसबरोबर बहुधा फक्त यूएसबी केबल येते. एक्सएलआर केबल, स्टँड आणि पॉप फिल्टरचे (माइकसमोरची, श्वासाचा फटका अडवणारी जाळी) पैसे बाजूला ठेवा.

घरी आल्यावर सलग 'हूं' ऐकू आला तर कार्ड परत करण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा गुणगुण तिथूनच येते, विशेषतः दोन पिनांच्या चार्जरवर किंवा सॉकेटला अर्थिंग नसेल तर. चार्जर काढून ती थांबली तर बॅटरीवर रेकॉर्ड करा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गेन लावताना मुलीला तार षड्ज पूर्ण आवाजात लावायला सांगा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढा ठेवा. खर्जात आवाज बारीक वाटेल. गेनला हात लावू नका. २४ बिटमध्ये तो नंतर वाढवता येतो, फाटलेला तार षड्ज मात्र दुरुस्त होत नाही.