आधी वही, मग शेअर

आमच्या अमळनेरात शेअरचा विषय निघाला की गाडी विप्रोवर येतेच. 1945 साली ही कंपनी इथंच वनस्पती तुपाच्या कारखान्यानं सुरू झाली आणि शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांचं कल्याण झालं. पण बहुतेकांची सर्टिफिकेटं कपाटात पडून होती म्हणून टिकली. रोज भाव दाखवायला मोबाईल कुठं होता? तरी 'पुढची विप्रो मीच हुडकणार' म्हणणारे माझ्याकडे रिटर्न भरायला येतातच. त्यांच्याकडून मी आधी ब्रोकरचं वर्षभराचं नफा-तोटा स्टेटमेंट मागतो.

तुम्हीही ते काढा. फायद्याचे सौदे तोंडपाठ असतात, तोट्याचे तिथंच सापडतात. ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावर लागणारा सरकारी कर) आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावरचा 20 टक्के कर वजा करा. होल्डिंगमधले, म्हणजे अजून न विकलेल्या शेअरचे, लाल आकडेही धरा. विकलं नाही म्हणजे तोटा नाही, ही निव्वळ समजूत. शेजारी मांडा, तेवढेच पैसे त्याच तारखांना निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) टाकले असते तर किती झाले असते. "माले समदं समजस" म्हणणाऱ्या केळीच्या व्यापारी अप्पांनी तो दुसरा आकडा पाहून मोबाईल उलटा ठेवला.

मग शंभर पानी वही घ्या. खरेदीआधी तीन ओळी: का घेतोय, काय घडलं तर विकेन, सांगितलं कोणी. तिसरी ओळ जड जाते. 'मेव्हणा' किंवा 'व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप' लिहिताना हात आपोआप थांबतो.

बाजार कोसळेल त्या दिवशी विकायचं नाही. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर 3 जून 2024 ला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला, निकालाच्या दिवशी चार हजारांहून जास्त आपटला आणि 7 तारखेला 3 जूनच्याही वर बंद झाला. मात्र जूनमध्ये कापसाच्या बियाण्याला लागणारा पैसा मुळात शेअरमध्ये नकोच. तो असला की पडत्या भावात विकावंच लागतं.

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, वहीसुद्धा कामाची नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या काळात तिथले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. लांबच राहा.

स्वतः शेअर निवडायची खाज शमत नसेल तर एकूण रकमेच्या पाच टक्के वेगळ्या डिमॅट खात्यात ठेवा, बाकीची एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम) चालू द्या. ते पैसे संपले तर पुढच्या एप्रिलपर्यंत तिथं रुपया भरायचा नाही.