गो-टू दुर्बीण घेतली? मग या चुका टाळा

देवयानीतली दीर्घिका पहिल्यांदा सापडायला मला तीन अमावास्या लागल्या होत्या. आता गो-टू दुर्बिणीचं बटण दाबलं की ती आपोआप तिकडे वळते. उत्तमच आहे. माझी तक्रार आहे ती मुंबईजवळ वांगणीच्या माळावर आकाशदर्शनाला रात्री नऊ वाजता "काका, दुर्बीण बिघडलीय" म्हणत येणाऱ्यांबद्दल. दुर्बीण बहुतेक वेळा ठणठणीत असते.

माझी सगळ्यात लाडकी चूक तारखेची. बऱ्याच हँड कंट्रोलरना (दुर्बीण चालवायच्या रिमोटना) तारीख अमेरिकी पद्धतीने लागते, आधी महिना आणि मग दिवस. एका 3 डिसेंबरला एक गृहस्थ नवी कोरी दुर्बीण घेऊन आले. बायको-मुलं चटईवर बसलेली. अलाइनमेंटसाठी, म्हणजे ओळखीचे दोन तारे दाखवून दुर्बिणीला दिशा पटवून देण्यासाठी, रोहिणी निवडली, तर दुर्बीण गर्रकन पश्चिमेला फिरली. रोहिणी तर समोर पूर्वेला, कृत्तिकांच्या खाली लालसर चमकत होती! पण ती ओळखता येत नव्हती, म्हणून आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) जो तारा आला त्यालाच रोहिणी मानून एंटर दाबलं. दुसरा तारा ब्रह्महृदय, त्याचंही तेच. मग मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) मागितला, दुर्बिणीने काळोख दाखवला. दीड तास तिपाई लेव्हल करणं, चालू-बंद करणं आणि दुकानदाराला शिव्या घालणं चाललं होतं. मी स्क्रीन पाहिली: 03/12. यंत्राच्या लेखी तो 12 मार्च होता, आणि मार्चात त्या वेळी रोहिणी पश्चिमेलाच असते. बिचारी दुर्बीण बरोबर होती! तारीख बदलली, दोन तारे पुन्हा लावले आणि तेजोमेघ आयपीसमध्ये हजर. धाकटी तोवर झोपली होती.

माझ्या तिपाईच्या पायाला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: महिना आधी, +5:30 (भारतीय वेळ), डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची परदेशी पद्धत) बंद, रेखांश पूर्व. आणि डोळ्यांनी ओळखता येणारे निदान पाच तारे पाठ करा. "ॲप आहे ना" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा प्यायला जातो.

ॲपवरून आठवलं. मोबाइलचं होकायंत्र गाडीच्या बॉनेटवर किंवा लोखंडी तिपाईजवळ धरलं की वाट्टेल ते सांगतं. त्या भरवशावर ध्रुवतारा म्हणून भलताच ठळक तारा धरणारे दर मोसमात भेटतात. ध्रुव फार तेजस्वी नाही, आणि मुंबई-वांगणीहून तो क्षितिजाच्या जेमतेम 19 अंश वर असतो. अर्ध्या आभाळात शोधू नका. मोबाइलची स्क्रीन लाल करा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सॲप मेसेज ती सगळी वाया घालवतो, तुमची आणि शेजाऱ्याचीही.

आता नवी लाट स्मार्ट दुर्बिणींची. आकाशाचा फोटो काढून, तारे नकाशाशी जुळवून त्या स्वतःच दिशा ठरवतात. तारखेची भानगडच नाही. पण त्यातल्या सीस्टार एस50 चं भिंग 50 मिलिमीटरचं आणि नाभीय अंतर 250 मिलिमीटर आहे, म्हणजे वस्तू फार मोठी दिसत नाही. तेजोमेघावर दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचत अर्धा तास थांबाल तर मजा येईल. शनीची कडी बघायला ती घ्याल तर तांदळाच्या दाण्याएवढा शनी मिळेल. पहिल्या दोन मिनिटांत "एवढंच?" म्हणून पुढच्या वस्तूवर उड्या मारणाऱ्यांना काहीच मिळत नाही. आणि तो रंगीत फोटो पाहून माझ्या आयपीसशी याल तर तेजोमेघ करडाच दिसेल. डोळ्यांचा दोष नाही.

फर्मवेअर (दुर्बिणीतलं सॉफ्टवेअर) अपडेट घरच्या वायफायवर करा, माळावर नाही.

सूर्य बघायचा तर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच, घट्ट. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर सोबत मिळाला असेल तर कचऱ्यात टाका. यात मी कुणाचं ऐकत नाही.

पहाटे काचेवर दव धरलं तर पुसू नका, गरम हवेने हळूहळू वाळू द्या. खिशातला रुमाल काढून काचेकडे निघालेला माणूस दिसला की मी अजूनही चहाचा कप टाकून धावतो.