वावायांडाला डबे शोधायला जाताना

पेन्सिल घ्या. बाकीची यादी नंतर. पेन नव्हे, पेन्सिल, आणि ती टोक केलेली. न्यू जर्सीच्या उत्तर टोकाला वावायांडा तलावाकाठी मागच्या वेळी मी जेल पेन घेऊन गेले होते. डबा सापडला, आतली वही ओलसर, काही केल्या शाई उमटेना. जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसवरून शोधायच्या या खेळात, वहीत सही नाही तर डबा सापडला असं धरत नाहीत. तळ्याकाठी झाकण कितीही घट्ट असलं तरी ओल आत शिरतेच, आणि दमट कागदावर शिसंच चालतं. सगळ्यांत लहान डबे तर बोटाच्या पेराएवढे असतात. त्यांत आयती पेन्सिल मिळेल या भरवशावर जाऊ नका.

आदल्या रात्री डब्यांचे अक्षांश-रेखांश आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवा, झाडीत रेंजचा भरवसा नाही. प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, दोन्ही १ ते ५. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर दुसरा आकडा आधी बघा. आधी येऊन गेलेल्यांनी ऑनलाइन टाकलेल्या शेवटच्या नोंदी वाचा. लागोपाठ चार जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल तर तो डबा सोडून द्या, हट्ट नको.

पाणी, टोपी, बूट, पॉवर बँक: सांगायला नकोच.

कपडे मात्र सांगायला हवेत. इथं गोचिडी आहेत, आणि त्यांतल्या हरणांवरच्या बारीक गोचिडीतून लाइम रोग होतो. फिकट रंगाची फुल पँट घाला म्हणजे त्या दिसतात. पँट मोज्यांत खोचा. ध्यान दिसतं, दिसू दे. कपड्यांवर आणि बुटांवर परमेथ्रिनचा, म्हणजे गोचिडी मारणाऱ्या औषधाचा, फवारा आदल्या दिवशीच मारून पूर्ण वाळवा. तो अंगाला लावायचा नसतो, आणि ओला असेपर्यंत घरातल्या मांजराला जवळ फिरकू देऊ नका. शिकारीच्या हंगामात वर भडक नारिंगी बंडी.

दशम्या-चटणी खुशाल न्या, पण घट्ट डब्यात, आणि केळ्याच्या सालासकट सगळं परत आणा. इथं काळी अस्वलं आहेत. दिसलं तर पळू नका. मोठ्यानं बोलत, त्याला वाट ठेवून हळूहळू मागे सरका. खेळाच्या डब्यात मुलं वस्तूंची अदलाबदल करतात. गोटी, खेळणं ठीक, चॉकलेट अजिबात नाही. वास लागला की जनावर डबा फोडतं.

आणि पेन्सिल? खिशात आहे ना? गाडीत नव्हे, खिशात.

अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मेमध्ये काढली आणि ३ मेला ऑरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला. तरी दाट पानांखाली फोनवरचा दिशा दाखवणारा बाण अजूनही पाच-दहा मीटर इकडेतिकडे नाचतो. जवळ आलात की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा: जरा जास्तच नीट रचलेल्या काटक्या, ओंडक्याची ढोली, उगाच बसवलेला दगड. ढोलीत हात घालण्याआधी काठी घाला. या डोंगरांत रॅटलस्नेक, म्हणजे शेपूट खुळखुळवणारे विषारी साप, आहेत. मारायला जाऊ नका, न्यू जर्सीत ते संरक्षित आहेत. नुसते बाजूला व्हा. बेलासारखी तीन-तीन पानं दिसली तर मुलांना तोडू देऊ नका. ती पॉयझन आयव्ही, आठवडाभर खाजवत बसाल. वसंतात अंड्यांवर बसलेल्या हंसांपासून, म्हणजे कॅनडा गूजपासून, लांब राहा.

डबा मिळाला? पेन्सिलीनं सही, तारीख. जसा होता तसा, तिथंच परत. येणारेजाणारे बघत असतील तर आधी त्यांना जाऊ द्या.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर. अंघोळ. काखा, गुडघ्यांमागे, केसांत बघा. गोचीड चिकटली असेल तर टोकदार चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. व्हॅसलीन नको, काडेपेटी नको. पुढं चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टर. ऑनलाइन नोंद टाकताना डब्याची जागा उघड करू नका. सापडला नसेल तर तेही लिहा, डबा ठेवणाऱ्याला कळायला हवं.