पॅकेजचे आवृत्ती क्रमांक: या चुका टाळा

आवृत्ती क्रमांक आपण माणसांना कळावा म्हणून लिहितो, परंतु त्यावरून निर्णय घेते ती डिप्लॉयमेंटची, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवण्याची, यंत्रणा. सर्व्हरवर बसवलेले पॅकेज जुने की रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) आलेले जुने, हे ती दोन क्रमांकांची तुलना करून ठरवते आणि त्या तुलनेचे नियम प्रत्येक प्रणालीत वेगळे असतात. हे नियम न पाहता क्रमांक देणे हेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ असते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे क्रमांकांची अक्षरांप्रमाणे तुलना करणे. १.१० ही आवृत्ती १.९ नंतरची आहे, पण अक्षरक्रमाने पाहिले तर ठिपक्यानंतरचा १ हा ९ च्या आधी येतो. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये फायलींच्या नावांची साधी क्रमवारी लावून शेवटची फाइल निवडली जात असे. १.९ पर्यंत सारे सुरळीत चालले, १.१० आली, तेव्हा तिने १.९ हीच पुन्हा बसवली आणि लॉगमध्ये काम यशस्वी झाल्याची नोंद केली. चूक कुठेच दिसत नसल्यामुळे ती शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. लिनक्सवरील ‘सॉर्ट’ आदेशाला आवृत्त्यांप्रमाणे क्रम लावण्याचा स्वतंत्र पर्याय आहे, तो वापरावा. यामल (सेटिंग्ज लिहिण्याचे एक स्वरूप) फाइलमध्येही ३.१० हा क्रमांक अवतरणचिन्हांत लिहावा, अन्यथा तो दशांश संख्या समजला जातो आणि शेवटचे शून्य गळून ३.१ उरते.

चाचणी आवृत्तीचा क्रमांक हे याहून फसवे प्रकरण आहे. सिमँटिक व्हर्जनिंग या तीन भागांत क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या नियमांनुसार २.०.०-आरसी.१ (आरसी म्हणजे अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती) ही २.०.० च्या आधीची ठरते. तोच क्रमांक जसाच्या तसा डेबियन या लिनक्सच्या प्रकारातील पॅकेजला दिला, तर तेथे शेवटच्या जोडरेषेनंतरचा भाग पॅकेजची पुनरावृत्ती (त्याच आवृत्तीचे पॅकेज कितव्यांदा बांधले तो क्रमांक) मानला जातो आणि अक्षराने सुरू होणारी पुनरावृत्ती अंकाने सुरू होणाऱ्या पुनरावृत्तीपेक्षा मोठी धरली जाते. परिणामी २.०.०-आरसी.१ ही २.०.०-१ पेक्षा नवी ठरते आणि ज्यांनी चाचणी आवृत्ती बसवली, त्यांच्यापर्यंत अंतिम आवृत्ती नेहमीच्या अपग्रेडमधून पोहोचतच नाही. डेबियनमध्ये यासाठी ~ हे चिन्ह आहे. तुलनेत ते क्रमांक तिथेच संपण्याच्याही आधीचे धरले जाते, म्हणून २.०.०~आरसी१-१ ही २.०.०-१ च्या मागे राहते. शंका असेल तेव्हा अंदाज बांधू नये. ‘डीपीकेजी’ या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनात दोन आवृत्त्यांची तुलना करून पाहण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

क्रमांकाची पद्धत मध्येच बदलणेही महागात पडते. २०२३.०५ अशा तारखेच्या क्रमांकांवरून १.० वर आल्यास यंत्रणेच्या दृष्टीने आपण मागे गेलेलो असतो. डेबियन आणि आरपीएम (रेड हॅटसारख्या लिनक्समधील पॅकेज पद्धत) यांमध्ये ‘इपॉक’ हा तुलनेत सर्वांत आधी पाहिला जाणारा अंक लावून (डेबियनमध्ये १:१.० असे लिहून) हा प्रश्न सुटतो. मात्र एकदा लावलेला इपॉक पुढे काढता येत नाही, काढला की पुढची प्रत्येक आवृत्ती जुनी ठरते. म्हणून हा उपाय शेवटचाच समजावा.

प्रसिद्ध झालेल्या क्रमांकाखाली दुरुस्त केलेले पॅकेज पुन्हा चढवणे ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण त्यानंतर क्रमांक पाहून सर्व्हरवर नेमके काय आहे हे सांगताच येत नाही. कुबरनेटीस या अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत ‘लेटेस्ट’ सोडून दुसरा टॅग (इमेजच्या आवृत्तीचे नाव) दिला आणि इमेज, म्हणजे चालवायच्या सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा, ओढण्याचे धोरण वेगळे नमूद केले नाही, तर ज्या नोडवर (यंत्रावर) त्या टॅगची इमेज आधीच आहे तेथे ती पुन्हा ओढली जात नाही. मग काही नोड जुनी इमेज चालवतात, काही नवी, आणि टॅग सगळीकडे एकच दिसतो. दुरुस्ती कितीही लहान असली तरी नवा क्रमांक द्यावा. इमेज तंतोतंत तीच हवी असेल तर तिच्या डायजेस्टचा, म्हणजे आशयावरून काढलेल्या ओळख क्रमांकाचा, उल्लेख करावा. ‘लेटेस्ट’ हा टॅगही केवळ नाव आहे, सर्वांत नव्या इमेजची हमी नव्हे.

आपला कोड ज्यांवर अवलंबून असतो त्या पॅकेजांच्या बाबतीत एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज प्रणालीतील ^१.२.३ याचा अर्थ २.०.० च्या खालची कोणतीही पुढील आवृत्ती चालेल असा होतो, तर ^०.२.३ ची मर्यादा ०.३.० च्या आतच संपते. बसवलेल्या नेमक्या आवृत्त्या नोंदणारी लॉक फाइल कोडसोबत जतन करावी आणि डिप्लॉयमेंटमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या बसवणारे ‘एनपीएम सीआय’ वापरावे.

विंडोज इन्स्टॉलर क्रमांकाचे पहिले तीनच भाग पाहतो. चौथ्या भागात केलेला बदल त्याच्या हिशेबी नसतो.

डेबियनच्या सर्व्हरवर नवे पॅकेज येत नसेल, तर ते जबरदस्तीने बसवण्याआधी ‘एपीटी-कॅशे पॉलिसी’ चालवून बसवलेली आवृत्ती आणि उमेदवार (अपग्रेडमध्ये बसवली जाणारी) आवृत्ती शेजारी ठेवून पाहावी. नवी आवृत्ती यादीतच नसेल तर रिपॉझिटरीची सूची ताजी करावी. यादीत असूनही उमेदवार ठरत नसेल तर तुलनेचा नियम आणि पिनिंग (ठरावीक आवृत्तीला प्राधान्य देणारी सेटिंग) तपासावे. आणि उमेदवार बरोबर असूनही अपग्रेड होत नसेल, तर ते पॅकेज कोणी ‘होल्ड’ करून (अपग्रेडपासून रोखून) ठेवले आहे का, हे ‘एपीटी-मार्क’ने पाहावे.