चिनी मातीची जुनी ड्राय कशी बघायची

लोणच्याची बरणी चिनी मातीची असते एवढं आपल्या सगळ्यांना माहिती असतं, पण ती माती खाणीतून निघाल्यावर सुकवायची कुठे हा प्रश्न मला इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात राहायला येईपर्यंत कधी पडलाच नव्हता. इकडे कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये ग्रॅनाइटचे उघडे, ओले माळ आहेत, कोकणातल्या सड्यासारखे पण थंड, त्यांना मूर म्हणतात. तिथल्या ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज कुजून चिनी माती झालीये. मूरवरच्या बऱ्याच खाणी बंद पडल्या, पण माती सुकवायच्या लांबलचक दगडी इमारती काही ठिकाणी अजून उभ्या आहेत. इकडचे लोक त्यांना ड्राय म्हणतात.

मी पहिल्यांदा कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन मूरच्या पायथ्याची वेनफर्डची ड्राय बघितली तेव्हा मला ती नुसती पडकी गोदामं वाटली, कारण मी रुळांच्या बाजूने बघत होतो, म्हणजे गोष्ट शेवटाकडून वाचत होतो. तर पहिला नियम हा, ड्राय कायम चढाच्या बाजूकडून उताराकडे वाचायची. माती तशीच आली, पाण्याबरोबर, वरून खाली.

आधी सेंट ऑस्टलजवळचं व्हील मार्टिन म्युझियम करा, पडक्या जागी थेट जाऊ नका. तिथे अख्खी ड्राय आहे, ३५ फुटी पाणचक्की आहे, आणि शेजारची चालू खाणसुद्धा वरून बघता येते. खाणीच्या भिंतीवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, माती वाहून यायची, आधी वाळू खाली बसायची, मग उथळ लांब पन्हळींमधून पाणी हळू सोडलं की अभ्रक तळाला राहायचं, आणि उरलेलं दुधासारखं पांढरं पाणी हौदात निवळायला ठेवायचं. वरचं पाणी काढत काढत गाळ चक्क्यासारखा घट्ट झाला की तो ड्रायमध्ये. हे पाय वापरून, उतारावरून चालत बघा, फोटो नंतर काढा.

आता खुद्द इमारत. सगळ्यात आधी धुराडं शोधा. ते ज्या टोकाला आहे त्याच्या बरोबर उलट टोकाला भट्टी. मधली लांब फरशी म्हणजे पॅन, सच्छिद्र भाजक्या विटांच्या लाद्या आणि त्याखाली विटांचे बोगदे. भट्टीत कोळसा जळायचा, गरम हवा या बोगद्यांतून धुराड्याकडे ओढली जायची, आणि लादीवर पसरलेला गाळ खालून तापायचा. भट्टीजवळचा आधी सुकायचा, धुराड्याकडचा सावकाश. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, एवढी मोठी इमारत म्हणजे मुळात एक आडवा तवाच आहे! लाद्या उखडलेल्या असतील तर चांगलंच, बोगदे दिसतात.

पॅनच्या चढाकडच्या बाजूला हौद, आणि दुसऱ्या बाजूला एक मजला खाली कोठार, त्याला लिनी म्हणतात. सुकलेली माती फावड्याने सरळ खाली लिनीत ढकलायची, उचलायची नाही. लिनीची दारं रस्त्याकडे किंवा रुळांकडे उघडतात. हौद, पॅन, लिनी, रूळ, चार पायऱ्या सापडल्या की ड्राय समजली.

मग वेनफर्ड. कॅमल ट्रेल नावाचा सायकलचा रस्ता जुन्या रेल्वेवरूनच जातो, सायकली वेडब्रिजला भाड्याने मिळतात. इथली माती वर मूरवरच्या स्टॅनन खाणीतून यायची, पातळ करून, पाइपातून, उताराच्या जोरावर. वर कोळसा चढवायचा खर्च नको म्हणून भट्टी खाली रेल्वेपाशी. रेल्वे १८३४ ची, १९८३ ला बंद झाली, आणि शेवटपर्यंत तिथून मुख्यतः मातीच जायची. इमारत ट्रेलवरूनच बघा, आत शिरू नका, छप्पर आणि भिंती दोन्हीचा भरवसा नाही, पावसाळी दिवशी तर अजिबात नाही. दुर्बीण घेतलीत तर धुराडं, विटांची डागडुजी, दारांच्या जागा सगळं बाहेरूनच दिसतं.

पाय चांगले असतील तर डेव्हनमधल्या डार्टमूरवरचं रेडलेकसुद्धा करा. तिथे मूरच्या पोटात खाण होती, माती पाइपाने खाली बिटाफर्डजवळ सुकायला जायची आणि माणसं, कोळसा, सामान वर न्यायला १९११ ला ट्रामवे, म्हणजे छोटी रेल्वे टाकली, १९३२ ला सगळं बंद. वर आता मुख्यतः टाकाऊ मातीचा शंकूसारखा ढीग आहे, पण लांबून तोच खूण म्हणून उपयोगी पडतो. ट्रामवेची वाट सावकाश चढणारी आहे, एका बाजूने ८ मैलांच्या आसपास, म्हणून सकाळी लवकर निघा, कागदी नकाशा ठेवा कारण मोबाइलला रेंज नसते, आणि वाट सोडून हिरव्यागार दिसणाऱ्या भागात पाय टाकू नका, तिथे दलदल असते. धुकं उतरायला लागलं तर वाटेतल्या लेफ्टलेकच्या पुलापासूनच मागे फिरा.