स्त्रियांनी स्नोमोबिलचा पोशाख अंगच्या मापाचा कसा निवडावा

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरून फिरत्या पट्ट्यावर धावणारी मोटरगाडी. तिच्यासाठीचे जॅकेट दुकानात आरशासमोर सरळ उभे राहून घातले जाते, पण वापरले जाते ते बसून, गुडघे वाकवून आणि दोन्ही हात हँडलपर्यंत पुढे ताणून. उभ्याने अंगावर चोख बसलेले जॅकेट या स्थितीत मागून वर सरकते, बाही मनगटापासून मागे ओढली जाते आणि बिबचा, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या पँटचा, पट्टा खांद्यात रुततो. म्हणून या पोशाखाचे माप घेताना आणि तो अंगावर घालून पाहताना बैठक हीच कसोटी मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर आधारलेल्या आहेत.

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन या राज्यांत आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ व क्विबेक या प्रांतांत स्नोमोबिल हा हिवाळ्यातील सर्रास चालणारा छंद आहे आणि त्या भागांत स्थायिक झालेल्या मराठी स्त्रियांनाही मित्रमंडळींबरोबर कधी ना कधी त्याचे आमंत्रण येते. तेथे पोशाख मापाचा असणे ही हौसेची बाब नाही. तापमान उणे 15 अंश सेल्सिअस असताना ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 30 अंशांइतकी बोचते. कमरेपाशी चार बोटे फट राहिली, तरी तेवढ्यातून वारा आत शिरतो आणि अर्ध्या तासात पाठ गारठते. उलट कपडा फार घट्ट असेल, तर आतल्या थरांत हवा कोंडून राहत नाही, बोटांकडे जाणारे रक्त अडते आणि महागडा कपडा घालूनही हातपाय बधिर होतात.

आधी फेरी कशी, ते ठरवावे

आखलेल्या, सपाट केलेल्या वाटांवरून बसून केलेल्या फेऱ्यांत शरीराची हालचाल कमी होते. तेथे आत उबेचे अस्तर असलेले जॅकेट आणि तसाच बिब सोयीचा पडतो. अमेरिकेतील मोंटाना, आयडाहो किंवा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया येथील डोंगरांत खोल भुसभुशीत बर्फातून जाताना मात्र चालक बहुतेक वेळ उभी असते, गाडी तोलण्यासाठी सतत अंग झोकते आणि घामाघूम होते. अशा फेरीसाठी अस्तर नसलेले, वारा व पाणी अडवणारे पण घामाची वाफ बाहेर सोडणारे कवच घ्यावे आणि ऊब आतल्या थरांनी साधावी. कापडाच्या जलरोधकतेचा आकडा, म्हणजे किती उंच पाण्याचा दाब ते सोसते हे, मिलिमीटरमध्ये दिलेले असते. कोरड्या बर्फात 10,000 पुरतो; ओल्या बर्फात बसणे-पडणे होणार असेल, तर 20,000 च्या आसपासचा कपडा पाहावा. मापाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अस्तराच्या जॅकेटमध्ये आत एक पातळ थर्मल आणि एक फ्लीस एवढीच जागा लागते, तर अस्तर नसलेल्या जॅकेटमध्ये आणखी एका जाड थरासाठी जागा सोडावी लागते. सर्वांत आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि अंग गार पाडते, म्हणून ती येथे वर्ज्य समजावी.

मापे घ्यावीत ती थर्मलवर

छाती, कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर), पायाची आतली लांबी आणि मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतची बाहीची लांबी ही मापे कोणताही शिंपी घेतो. बाहीचे माप कोपर थोडा वाकवून घ्यावे. सीटचे माप दोनदा घ्यावे, एकदा उभ्याने आणि एकदा खुर्चीवर बसून. बसल्यावर घेर काही इंच वाढतो आणि स्नोमोबिलसाठी हाच मोठा आकडा खरा. बिब आणि जॅकेट-पँट सलग असलेल्या मोनोसूटसाठी आणखी एक माप लागते, जे दुकानात क्वचितच घेतले जाते: टेप खांद्याच्या मध्यावर धरून छातीवरून खाली, दोन्ही पायांमधून, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत आणावा. धडाचा हा वेढा कमी पडला, तर कमर आणि सीट कितीही जमलेली असो, खाली वाकताच सूट जांघेत ओढतो आणि बाई दिवसभर खांदे पाडून बसते. सारख्याच उंचीच्या दोघींत एकीचे धड लांब आणि पाय आखूड, तर दुसरीचे नेमके उलटे असू शकते, म्हणून केवळ उंचीवरून मोनोसूट मागवू नये.

मापाच्या क्रमांकांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे 40 क्रमांकाचा कुर्ता म्हणजे साधारण 40 इंच, म्हणजे 101 सेंटिमीटरच्या आसपासची छाती. युरोपीय मापपद्धतीतील 40 हा आकडा त्याहून बऱ्याच लहान छातीसाठी असतो आणि उत्तर अमेरिकेतील 8, 10, 12 हे आकडे तर कोणत्याच इंचांशी जुळत नाहीत. प्रत्येक कंपनीचा मापतक्ता वेगळा असतो. आपली मापे इंच आणि सेंटिमीटर अशा दोन्हींत कागदावर लिहून ठेवावीत आणि तक्त्यातील आकड्यांशीच ताडून पाहावीत. एका कंपनीचे ‘मीडियम’ बसले म्हणून दुसऱ्या कंपनीचे बसेलच असे धरून चालू नये.

अंगकाठीप्रमाणे निवड

नियम एकच आहे: शरीराच्या सर्वांत मोठ्या मापाला कपडा बसवावा आणि उरलेला घेर पट्ट्यांनी आवळावा. सैल कपडा आवळता येतो. घट्ट कपड्याच्या शिवणीत सोडायला माया नसते.

सीट मोठी आणि कंबर बारीक असलेल्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. छाती 38, कंबर 32 आणि सीट 43 इंच असेल, तर तक्त्यात तिची तीन मापे तीन वेगवेगळ्या रकान्यांत पडतील. तिने बिब सीटच्या मापाने घ्यावा आणि कमरेला वेल्क्रोच्या पट्ट्या किंवा मागे इलॅस्टिक असलेलाच नमुना पाहावा. केवळ कमरेवर थांबणारी पँट अशा बांध्याला बसताना मागून खाली सरकते, म्हणून तिच्यासाठी खांद्यावर पट्टे असलेला बिब निश्चित चांगला. जॅकेटच्या दोन्ही बाजूंना खालच्या काठापासून वर उघडणारी झिप असेल, तर बसताना ती थोडी उघडून घेर सोडता येतो. झिपमागे कापडाची कळी शिवलेली असल्यास वारा आत येत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळी ती उघडून कळी आहे ना, हे पाहावे.

छाती भरदार असेल, तर जॅकेटपेक्षा बिब अधिक त्रास देतो. पुढचा भाग छातीवर सपाट दाबला जातो, पट्टे बाजूला घसरतात किंवा मानेकडे ओढले जातात. या बांध्यासाठी पुढचा भाग छातीच्या खालीच संपणारा, किंवा बाजूंना ताणणारे कापड लावलेला बिब निवडावा आणि पट्टे पाठीवर एकमेकांत अडकणारे असावेत. जॅकेट छातीच्या मापाने घेतल्यावर खांदे आणि बाह्या ढगळ वाटतील. थोडा ढगळपणा चालतो, परंतु खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल, तर हात वर करताना पूर्ण जॅकेट वर येते. अशा वेळी माप लहान न करता नमुना बदलावा. हिमस्खलनाच्या भागात पाठीवर एअरबॅगची, म्हणजे फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणारी, पिशवी घ्यावी लागते. तिचा छातीवरचा पट्टा कोठे येतो, हेही जॅकेट घालूनच तपासावे.

ठेंगण्या स्त्रियांची तक्रार सहसा लांबीची असते, पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती गुडघ्याची जागा. बिबच्या गुडघ्याला आत मऊ गादी आणि बाहेर जाड कापड असते. पाय आखूड असेल, तर ती गादी नडगीवर येते आणि गाडीवर गुडघा टेकवताना तिचा उपयोग होत नाही. म्हणून नुसता खालचा काठ आखूड करून भागत नाही, मुळातच आखूड पायलांबीचा नमुना शोधावा लागतो. काठ बुटाखाली घोळत असेल तर तो पाय ठेवायच्या पट्टीवर अडकतो आणि उतरताना पडण्याचा धोका असतो. मुलांच्या विभागातील मोठे माप स्वस्त पडते, मात्र ते कमरेपासून सीटपर्यंत सरळ कापलेले असते. सडपातळ बांध्याच्या मुलीला ते चालेल, इतर बायकांना बसताच ते आवळेल.

उंच स्त्रियांनी याउलट पायाची लांबी नेहमीच्या पँटपेक्षा दोन ते तीन इंच जास्त घ्यावी, कारण गुडघा वाकताच काठ वर चढतो आणि बुटाच्या तोंडातून बर्फ आत जातो. पुरुषांचे कपडे घेण्याचा सल्ला त्यांना हमखास मिळतो. खांदे रुंद आणि सीट लहान असेल तर तो मानण्यास हरकत नाही. अन्यथा पुरुषी बिब सीटला घट्ट आणि कमरेला पिशवीसारखा होतो. स्थूल स्त्रियांनी दुकानात मोठी मापे दिसली नाहीत म्हणून पुरुषी कपड्यांवर समाधान मानू नये. दुकानदार मोठी मापे मोजकीच ठेवतात, कंपनीच्या ऑनलाइन यादीत ती अनेकदा असतात. मांड्या भरलेल्या असतील, तर आतल्या शिवणीपाशी जाड, झिजेला टिकणारे कापड आहे का ते हाताने चाचपावे.

एक गोष्ट सर्वच बांध्यांच्या स्त्रियांनी संकोच न करता तपासावी. रानात, उणे तापमानात, लघुशंकेसाठी जॅकेट उतरवून बिबचे पट्टे सोडावे लागणे हे त्रासदायकही आहे आणि धोक्याचेही, आणि ते टाळण्यासाठी अनेक जणी पाणीच पीत नाहीत. मागचा भाग झिपने स्वतंत्र उघडणारे किंवा बाजूची झिप कमरेपासून खालपर्यंत उघडणारे बिब आता मिळतात. विस्कॉन्सिनमधील डीएसजी, जी पूर्वी डिव्हाज स्नोगिअर या नावाने ओळखली जात असे, ती खास स्त्रियांसाठीच कपडे बनवते आणि तिच्या बिबमध्ये ही सोय आहे. जॅकेट न काढता ती झिप आपल्या हाताला पोहोचते का, हे दुकानातच करून पाहावे.

दुकानातली परीक्षा

आतले सर्व थर घालून जावे. झिप पूर्ण लावून, शक्य असल्यास दुकानातील गाडीवर, नाहीतर कमी उंचीच्या स्टुलावर बसावे. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे न्यावेत आणि बरोबरच्या व्यक्तीला पाठीमागे पाहायला सांगावे: जॅकेटचा काठ बिबच्या वरच्या कडेच्या खालीच राहायला हवा. बाही मनगटाच्या हाडावरून मागे जाता कामा नये. त्यानंतर उभे राहून एक पाय पायरी चढल्यासारखा उचलावा, उकिडवे बसावे आणि कमरेतून डावी-उजवीकडे वळावे. मुंढ्यात काचत असेल किंवा जांघेत ओढ बसत असेल, तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. जलरोधक कापड फारसे सैल होत नाही. गाडी बंद करणाऱ्या सुरक्षा-दोरीची कडी अडकवायला जॅकेटवर पक्की जागा आहे का, तेही पाहून घ्यावे.

हेल्मेट, हातमोजे आणि बूट

हेल्मेटसाठी डोक्याचा घेर भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवर मोजावा. हेल्मेट घालून डोके हलवले, की गालांची आणि कपाळाची त्वचा त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट त्वचेवरून घसरत असेल, तर ते मोठे आहे. ज्या पातळ बालाक्लावासह (डोके, चेहरा व मान झाकणाऱ्या टोपीसह) ते वापरायचे, तो घालूनच परीक्षा करावी. लांब केस असलेल्या बायकांनी अंबाडा किंवा उंच पोनी बांधून हेल्मेट घालू नये, त्याने ते मागून उचलले जाते. मानेपाशी सैल, चपटी वेणी घालून ती जॅकेटच्या आत सोडावी. कानातले, अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात, कारण धातू थंडी थेट त्वचेला पोहोचवतो आणि बांगड्यांमुळे हातमोज्याचे मनगट नीट बंद होत नाही.

स्नोमोबिलचा वेग उजव्या अंगठ्याने दाबून वाढवतात आणि ब्रेक डाव्या हाताने लावतात. हातमोजा घालून मूठ वळावी आणि उजवा अंगठा वारंवार दाबून पाहावा; अंगठ्याच्या टोकाला कापड उरत असेल तर तो खटका चुकवतो, ताणत असेल तर तासाभरात अंगठा दुखू लागतो. स्त्रियांचे तळवे अरुंद आणि बोटे तुलनेने लांब असतात, त्यामुळे पुरुषी ‘स्मॉल’ हा बरोबर पर्याय ठरत नाही. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक क्रमांक मोठा घ्यावा आणि एकच जाड मोजा घालावा. बोटे आत हलली पाहिजेत. पोटऱ्या भरलेल्या असतील, तर वरपर्यंत नाडी सैल करता येणारा बूट निवडावा आणि बिबचा काठ त्यावरून खाली येतो ना, ते पाहावे.

दुरुस्ती, खरेदीची वेळ आणि भाड्याचे कपडे

जलरोधक कपड्याला कोठेही सुई लागली, की तेथून पाणी शिरते, म्हणून अल्टर करताना शिवण आतून पुन्हा टेपने बंद करून घ्यावी आणि अशा कामाची सवय असलेल्या कारागिराकडेच जावे. पट्टे कमीजास्त करणे किंवा खालचा काठ आखूड करणे एवढ्यापुरतीच दुरुस्ती शहाणपणाची. खांदा किंवा मुंढा उसवण्यापेक्षा कपडा परत करावा. कपड्यावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या पहिल्या फेरीपर्यंत न काढता घरातच तासभर घालून बसावे. मोठ्या मापांचा साठा हंगामाच्या आरंभी भरलेला असतो. मिनेसोटातील नॉर्थ ब्रँच येथे सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या ‘हे डेज’सारख्या मेळाव्यात अनेक कंपन्यांचे कपडे एकाच ठिकाणी घालून पाहता येतात. मार्चनंतरच्या सवलतीत किंमत उतरते, पण तोवर मधली मापेच उरलेली असतात.

गुलमर्गला सहलीत स्नोमोबिलवर बसणाऱ्या बायकांना कपडे आणि बूट बहुधा भाड्याने घ्यावे लागतात आणि तेथे माप निवडायला फारसा वाव नसतो. निदान बूट दोन-तीन जोड घालून पाहावेत, आतून ओलसर असलेला बूट नाकारावा, आपले थर्मल, मोजे आणि हातमोजे घरूनच न्यावेत, आणि ओढणी किंवा सैल शाल गाडीच्या फिरत्या पट्ट्यात जाऊ नये म्हणून बसण्यापूर्वी जॅकेटच्या आत पूर्ण खोचून झिप गळ्यापर्यंत लावावी.